उपग्रहाची उलटी प्रदक्षिणा

कुंभकर्णाच्या पोटावर पृथ्वी रंगवायची कल्पना कारभारी देवऱ्यांची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कॉलनीत जे रामायण झालं त्याचं सगळं खापर त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर फुटलं, तेव्हा निदान एवढा न्याय तरी त्यांच्या वाट्याला यायला हवा. त्यांची कल्पना फक्त उपग्रहाची होती. पोट मंडळाचं होतं.

साल त्र्याऐंशी. देशाचा नवा उपग्रह नुकताच आकाशात गेला होता आणि आता नाशकात टीव्ही येणार म्हणून आडगाव नाक्याकडच्या पाटकरी कॉलनीत ज्याला त्याला आकाशाबद्दल मत फुटलं होतं. कॉलनीचं हे नाव कुणी ठेवलेलं नव्हतं. निम्मे लोक पाटबंधारे खात्यात नोकरीला, म्हणून ते आपोआप पडलं. कारभारीही त्याच खात्यात, जावक विभागात कारकून. माणूस कळवणकडचा, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला. पण जावक विभागात बळ आणि गती यांचा संबंध शिक्का मारण्यापुरताच. कॉलनीत कुणाच्या घरचा फ्यूज उडाला की आरोळी यायची, "अरे, बीएस्सीला बोलवा!" एवढीच काय ती त्यांच्या पदवीची किंमत. उपग्रह खाली का पडत नाही, हे आयुष्यात एकदा तरी, एका तरी माणसाला समजावून सांगावं, ही त्यांची फार जुनी इच्छा होती. लग्नानंतर त्यांनी ते बायकोला, म्हणजे सिंधुबाईंना, सांगायला घेतलं होतं. तेवढ्यात दूध उतू गेलं. नंतर तो विषय कधी निघालाच नाही.

गणपती तोंडावर आले तशी मंडळाची बैठक भरली. मंडळाचा अध्यक्ष केरू. मूळचा चांदवडचा, कांद्याच्या आडतीवर कामाला, आणि आवाज असा की त्याच्या कानात सांगितलेल्या गोष्टीही नाक्यापर्यंत जात.

"औंदा बी कुंभकर्णच बसवू," केरू म्हणाला. "सांगाडा हाय, मोटार पंपवाला जयराम देतोय. मागल्या साली त्याचं पोट खालीवर व्हायचं तर बघायला ओझरवरनं लोक यायचे."

कारभारी उठून उभे राहिले. "केरूभाऊ, सारा देश आकाशात चाललाय आणि आपण कुंभकर्णाला झोपेतून उठवत बसायचं? मी म्हणतो, पृथ्वी करा. तिच्याभोवती फिरणारा उपग्रह करा. आता तुम्ही विचाराल, की तो खाली पडत का नाही..."

"नाय इचारत," केरू म्हणाला.

पण कारभारींना आता कोण थांबवणार! "तो पडतच असतो! अष्टौप्रहर पडत असतो. पण पडता पडता इतक्या वेगानं पुढे जातो की तेवढ्यात खालची पृथ्वी गोल वळून जाते. त्यामुळे त्याला जमीन काही लागत नाही."

मग एक निवृत्त तलाठी हळूच म्हणाले, "अभद्र बोलू नका हो. आत्ताशी तर सोडलाय."

तरीही देखावा मंजूर झाला. कारण शास्त्र नव्हे. पलीकडच्या गल्लीतलं मंडळ कुंभकर्णच करणार असल्याची पक्की खबर आली होती. केरूनं एकच अट घातली, की देखावा फिरता पाहिजे. "तुमचा नवा उपग्रह असो का जुना, फिरला पायजे. लोकांना हालचाल लागती."

मग सूचना सुरू झाल्या. उपग्रह म्हणजे डबा आणि पृथ्वी म्हणजे चेंडू, त्यामुळे दोन्हींतलं सगळ्यांना सगळं कळत होतं. पृथ्वीच्या डोक्यावर गणपती बसवायचा, हे ठरलं. त्याला अंतराळवीराचं शिरस्त्राण घालावं, असं तलाठ्यांनी सुचवलं, आणि मग सोंड शिरस्त्राणाच्या आत ठेवायची की बाहेर, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, उपग्रहावर उंदीर बसवा. दुःखाची गोष्ट अशी, की ही सूचना बहुमतानं मंजूर झाली. सांगाडा म्हणून कुंभकर्णाच्या बांबूच्या पोटावर कागदाचा लगदा थापला आणि त्यावर कारभारींनी रजा टाकून खंड रंगवले. बेंबी काही बुजेना. ती नेमकी ब्राझीलमध्ये आली. उपग्रह म्हणून सिंधुबाईंचा चहाचा डबा गेला. चंदेरी कागद लावून, वर शाडूचा उंदीर चिकटवून, तो पृथ्वीखालून निघालेल्या एका वाकड्या सळईला तारेनं बांधला. पंप दुरुस्त करणाऱ्या जयरामनं सळईला मोटार जोडली. मोटारीला सगळीकडून हात लावता यावा म्हणून पृथ्वी मांडवाच्या मधोमध उभी केली.

"चहा आता कशात ठेवू?" सिंधुबाईंनी विचारलं.

"अगं, देशासाठी लोक काय काय देतात!"

"देतात ना. स्वतःचं देतात."

रविवारी सकाळी चाचणी झाली. जयरामनं बटण दाबलं. मोटार शेतातल्या पंपाची, तिला हळू फिरणं ठाऊक नव्हतं. डबा असा काही गरगरला की बघणाऱ्यांच्या माना लचकल्या. मग तार तुटली आणि डबा उंदरासकट सरळ रेषेत निघाला, तो थेट समोरच्या अक्काबाईंच्या खिडकीतून आत.

"बघितलंत?" कारभारी आनंदानं नाचायचेच बाकी होते. "तार तुटली तसा सरळ गेला! वळला नाही! पृथ्वीची ओढ नसती तर खरा उपग्रहही असाच सरळ गेला असता!"

त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे अक्काबाईंच्या दाराकडे बघत होते. अक्काबाई म्हणजे कॉलनीतलं सर्वोच्च न्यायालय. सोवळं-ओवळं, हळदीकुंकू, नळाचा नंबर, सगळ्याचा शेवटचा निकाल त्यांचा. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात उंदीर, आणि दोन्हींवरून ताक गळत होतं.

"कुणाचं हे?"

"उपग्रह आहे, अक्का," कारभारी म्हणाले.

"हा उंदीर आहे."

"उंदीर वरचा. त्याच्या खालचा उपग्रह."

आता हे ताकावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण जयरामनं पट्टा बदलून मोटार हळू केली आणि अक्काबाईंची समजूत काढावी म्हणून डबा पुसून पुन्हा फिरवून दाखवला. अक्काबाईंनी तो एकदा फिरताना पाहिला, पुन्हा पाहिला आणि हात वर केला.

"थांबव. हे उलटं फिरतंय."

"उलटं नाही, अक्का. बहुतेक उपग्रह पश्चिमेकडून पूर्वेकडेच..."

"कुठून कुठे जायचं तिथे जाऊ दे. वर देव बसणार ना? मग देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं की डाव्या? तुझा डबा गणपतीला उलटी प्रदक्षिणा घालतोय, कारभारी. आणि तीही उंदराला घेऊन!"

म्हातारीचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. उत्तर ध्रुवावरून बघितलं तर पृथ्वीही तशीच फिरते आणि उपग्रहही. त्याला ते काय करणार? त्यांनी चालत्या एस.टी.चं उदाहरण दिलं. गाडी चालली आहे त्याच दिशेनं उडी टाकली की गाडीचा वेग आपल्याला फुकट मिळतो, म्हणून अग्निबाण पृथ्वी फिरते त्याच बाजूला, पूर्वेकडे सोडायचा. अक्काबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एस.टी.तून कसाही उतर," त्या म्हणाल्या. "देवळात गेलास की सरळच फिरशील ना?"

संध्याकाळपर्यंत कॉलनीचे दोन तट पडले. त्यातल्या एका तटात एकटे कारभारी होते. त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही, ते उलट्या प्रदक्षिणेमुळे. तलाठ्यांची सायकल पंक्चर झाली, तीही त्यामुळेच. केरू समजावणीला आला. "बीएस्सी, फिरवा की दुसऱ्या अंगानं. आभाळात जाऊन कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!" कारभारी ओरडले. "पहिल्यांदा मला लोकांपुढे शास्त्र मांडायला मिळतंय, आणि तेच मी उलटं मांडू?"

"माझं म्हणाल तर नुसत्या वायरी इकडच्या तिकडं करायच्या," जयराम विडी पेटवत म्हणाला. "मोटारीला काय धर्म नसतो."

तोडगा सुचला तो कचेरीत. एका पाकिटावर कारभारींचा शिक्का उलटा पडला आणि ते ताडकन उठले. पृथ्वीच उलटी केली तर? दक्षिण ध्रुव वर! त्या बाजूनं बघितलं की तोच उपग्रह, त्याच पूर्वेकडे जाताना, अगदी घड्याळाच्या काट्यासारखा सुलटा फिरतो. शास्त्रही राहिलं, प्रदक्षिणाही राहिली. अक्काबाईंनी डोकं खालीवर करून बघितलं आणि मान्यता दिली. "सुलट फिरतोय ना? मग पृथ्वी कशी का टांगा."

झालं, पृथ्वी उलटी झाली. हिमालय खाली गेला, कन्याकुमारी वर आली. केरूनं चांदवड कुठे असेल ते बोटानं शोधलं आणि तो म्हणाला, "म्हंजी आमचे कांदे सगळे आभाळात सांडले म्हणा की." तरीही सगळं ठीक चाललं होतं. पण लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी मांडव बघायला चौकीतले हवालदार आले.

"हा कुठला देश?" हवालदारांनी दंडुक्यानं विचारलं.

"भारत," कारभारी म्हणाले.

"डोक्यावर उभा?"

"त्याचं असं आहे साहेब, अवकाशात वर आणि खाली असं काही नसतंच."

"अवकाशात नसेल," हवालदार म्हणाले. "आमच्या हद्दीत आहे. देशाचा नकाशा उलटा करून वर ढोल वाजवणार? नीट करा, नाहीतर परवानगी विसरा."

पृथ्वी पुन्हा सुलटी झाली. कारभारी आता इरेला पेटले होते. त्यांनी उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरवायचं ठरवलं. खरे उपग्रह तसेही फिरतात, आणि त्यात उलट-सुलट कसलाच प्रश्न नाही. जयरामनं शिव्या घालत सळई वळवली. डबा ब्राझीलवरून वर चढला, गणपतीच्या पाटावरून पलीकडे गेला, खाली गेला तेव्हा उंदीर निसटून पडला. अक्काबाईंनी कानांवर हात ठेवले. "देवाच्या डोक्यावरून! देवाला ओलांडून! कारभारी, तुला झालंय तरी काय?"

त्या दिवशी ते घरी आले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून बसले. सिंधुबाई लसूण सोलत होत्या. साली टाकायला पसरलेलं वर्तमानपत्र वाचता वाचता त्या म्हणाल्या, "अहो, हा नवा उपग्रह एकाच जागेवर दिसतो म्हणे. मग तुम्ही फिरवताय कशाला?"

कारभारींनी वळून पाहिलं. "फिरतो गं तोही. पण पृथ्वीला एक गिरकी घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात तो एक फेरी मारतो. म्हणून खालच्या माणसाला वाटतं की तो जागचा हलतच नाही. सिंधू! अगं, हाच दाखवू!"

म्हणजे आता पृथ्वी आणि डबा दोघांना बरोबर फिरवायचं. डबा लंकेच्या खाली समुद्रावर आला. आपला उपग्रह आपल्या देशावर नसून समुद्रावर का, यावर एक उपसमिती बसली, पण ते सोडून देऊ. जयरामनं पृथ्वी फिरवली. वर चाचणीसाठी ठेवलेला नारळ पृथ्वीबरोबर फिरला आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की गणपतीही असाच फिरणार.

"पयल्याच आरतीला देव पाठ दावणार?" केरूचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

पृथ्वी थांबवली. पृथ्वी थांबली म्हणून डबा थांबवला. तेवढ्यात कळवणकडचा एक शेतकरी बोंबलत आला. मोटार मुळात त्याची होती, दुरुस्तीला दिलेली. तो ती उचलून घेऊन गेला. अशा रीतीनं चतुर्थीच्या सकाळी पाटकरी कॉलनीच्या फिरत्या देखाव्यात काही म्हणता काही फिरत नव्हतं.

संध्याकाळी गर्दी झाली. कारभारी इस्त्रीचा शर्ट घालून देखाव्याजवळ उभे राहिले.

"मोटार जळली का हो?" पहिल्याच माणसानं विचारलं.

"नाही. उपग्रह फिरतोय. पृथ्वीबरोबर फिरतोय. पृथ्वी थांबलीय म्हणून तो थांबलेला दिसतोय."

"पृथ्वी का थांबलीय?"

"देवाची पाठ होते म्हणून."

तो माणूस त्यांच्याकडे बघत बघत मागे सरकला आणि त्यानं मुलाचा हात घट्ट धरला. पलीकडच्या गल्लीतल्या कुंभकर्णाचे ढोल ऐकू येत होते. "इथे काही नाही रे, चला तिकडे," असं कुणीतरी म्हणालं. केरू माईक हातात धरून तिकडे निघालेल्या लोकांकडे बघत होता, हे तर जास्तच लागलं. कारभारी मांडवामागे गेले आणि ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांना रडू येत होतं. बी.एस्सी. झालेल्या माणसाला ताडपत्रीवर बसून रडता येत नाही, म्हणून ते नुसते चष्मा पुसत राहिले. फ्यूजच बदलावेत आपण, त्यांना वाटलं. तेवढीच आपली लायकी.

"अहो, उठा." सिंधुबाई समोर उभ्या होत्या. "पृथ्वी फिरतेय."

"आता तू तरी टोमणे मारू नकोस."

"टोमणा कुठला! चला माझ्याबरोबर. देवाकडे नका बघू, पृथ्वीकडे बघा आणि चालत राहा."

पृथ्वी मधोमध असल्यामुळे बायका दर्शन झालं की तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होत्या. कारभारी त्या रांगेत घुसले. गणपती उजव्या हाताला होता. समोरून हिंदुस्थान सरकला. मग अरबस्तान आलं, आफ्रिका आली, समुद्र आला, बेंबीसकट ब्राझील आलं, मग पाणीच पाणी, जपान, चीन, आणि पुन्हा हिंदुस्थान. माणसं सुलट चालत होती म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोरची पृथ्वी त्याच्या विरुद्ध फिरत होती. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे! खऱ्या पृथ्वीसारखीच!

"आपण इकडून जातो म्हणून ती तिकडून येते," सिंधुबाई चालता चालता म्हणाल्या. "आणि डबा तिच्याबरोबरच येतो. आपला समुद्र काही सोडत नाही. पडायला निघतो, पण जमीन वळून जाते, असंच काहीसं तुम्ही म्हणत होता ना?"

कारभारींनी धावत जाऊन केरूच्या हातातला माईक हिसकावला. "भक्तहो! देखावा फिरतोय! फक्त तुम्ही चाला! देवाकडे नंतर बघा, आधी पृथ्वीकडे बघा!"

लोकांना तेवढंच हवं होतं. रांग वाढली. पोरं पळत सुटली, पृथ्वी गरागरा फिरायला लागली. आफ्रिका आली की टाळ्या, डबा आला की शिट्ट्या. कुंभकर्ण बघायला गेलेले लोकही परत यायला लागले. तेवढ्यात कारभारींना दिसलं, की हवालदार गर्दी टाळायला म्हणून बायकोला घेऊन रांगेच्या उलट बाजूनं घुसतायत. कारभारींच्या अंगाची लाही लाही झाली.

"अहो हवालदार!" लाऊडस्पीकर कडाडला. "उलटी प्रदक्षिणा घालू नका! सगळं उलटं होतंय! देव उजव्या हाताला, उजव्या हाताला!"

हवालदार चपापून वळले. कॉलनी थबकली. आणि गर्दीतून अक्काबाई पुढे आल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी कारभारींच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

"बघा रे सगळे," त्या माईकजवळ येऊन म्हणाल्या. "एवढा शिकलेला माणूस, पण देवानं त्याचे डोळे उघडले. आता तोच दुसऱ्यांना सुलट फिरायला सांगतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तलाठ्यांनी हात जोडले. कारभारींचा चेहरा लालबुंद झाला. "अक्का, तसं नाहीये ते. मी जे म्हणतोय ते श्रद्धेचं नाही, गतीचं..."

सिंधुबाईंनी खिरापतीची मूठ त्यांच्या तोंडात कोंबली.

"मला कळलंय ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मग बास झालं. आता गप बसा."

कारभारींनी वाक्य खोबऱ्याबरोबर गिळलं आणि हवालदारांच्या बायकोला हात करून रांगेची सुलट बाजू दाखवली.